कुठल्या वारी?

पाचव्या दिवशी गणपती पोचवून आम्ही घरी आलो, पानं मांडली, आणि आईनं हातात घेतलेली नेवरी, आमच्या गोव्याकडची करंजी, पुन्हा पानात ठेवली. तोंडात सगळं झोंबतंय म्हणाली. सोलकढीचा एक घोट घेतला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ७१ वर्षांच्या माझ्या आईला सोलकढी झोंबल्याचं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. उजव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे त्या वर्षी नेवऱ्या तिनं केल्या नव्हत्या. ओट्याशी खुर्ची घालून बसली होती आणि पारी किती पातळ, आतलं चून म्हणजे सारण किती, कडेला मुरड कशी, हे सगळं आमच्याकडून करून घेतलं होतं. मला वाटलं, आमची नेवरीच कडक झाली असेल, हिरड्यांना लागली असेल. चवथीची जागरणं, वेळी-अवेळी जेवणं, त्यानं तोंड आलं असेल. मी बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं आणली आणि शाळेच्या कामाला लागले.

ही २०२४ ची चवथ. ७ सप्टेंबर, शनिवार. त्या आधीच्या मंगळवारी आई अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरली. पावसाळ्यात आमच्याकडच्या प्रत्येक पायरीवर शेवाळ धरतं, आणि दर वर्षी आपण ते खरवडायचं ठरवतो. मनगट मोडलं. एका इस्पितळात तीन दिवस राहून गुरुवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो. दोन दिवसांवर चवथ, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान यायचं होतं, वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरच्या माणसाला घरी जायचं होतं आणि ज्यांना पाठवायचं त्यांनाही. डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांची पिशवी, सगळं एका हातात कोंबून मी गाडी काढली.

आता आईच्या गोळीबद्दल सांगायला हवं. तिला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो, आणि त्यासाठी ६ वर्षं ती मेथोट्रेक्सेट घेते. हेच औषध कॅन्सरला मोठ्या मात्रेत देतात. संधिवाताला अगदी थोडं लागतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. शरीरातल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या वाटेत ते आडवं येतं आणि पेशींची नवी वाढ रोखतं. आठवड्यातून एकदा घेतलं तर सांध्यांची आग शमते. तेच रोज गेलं तर ज्या पेशी सतत नव्यानं तयार होत असतात त्या आधी मरतात: तोंडाच्या आतलं अस्तर, आतडं, हाडांतली मज्जा.

आमच्या घरी ह्या औषधाला कुणी त्याच्या नावानं ओळखत नाही. ती ‘सोमवारची गोळी’. सोमवारी घर शिवराक म्हणजे शाकाहारी, आईचा उपास, मंगेशीची पालखी. उपास सोडला की एक गोळी. ६ वर्षांत तिनं एकही सोमवार चुकवला नाही.

शनिवारी, १४ तारखेला, आईला ताप चढला. थुंकीही गिळवेना. मी तोंडाला लावायचं जेल आणायला जवळच्या फार्मसीत गेले. काउंटरवरची मुलगी तिशीतली, तिचा लहान भाऊ माझ्या वर्गात होता. मी जेल मागितलं तर ती विचारायला लागली, कुणासाठी, वय काय, दुसरी औषधं कुठली चालू आहेत. मला घाई होती. मी फोनवरचा डिस्चार्ज कार्डाचा फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो बोटांनी मोठा केला, खालपर्यंत वाचला आणि म्हणाली,

“टीचर, ही गोळी कुठल्या वारी घेतात?”

“सोमवारी,” मी लगेच म्हटलं. मग सावरून म्हटलं, “नाही, सोमवारची ती वेगळी. ही नवीन दिलीय, रोज सकाळची. हाडासाठी असेल.”

“सोमवारच्या गोळीचं नाव काय?”

मी सांगितलं. तिनं खण उघडून दोन पाकिटं काढली आणि काचेवर शेजारी शेजारी ठेवली. दोन कंपन्या, दोन रंग, दोन नावं, एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. तिनं दोन्ही पाकिटं उलटी केली. मागच्या बाजूला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, दोन्हींवर एकच शब्द होता. मेथोट्रेक्सेट, १० मिलिग्रॅम.

मी बोटांवर मोजलं. शुक्रवार ते शनिवार, नऊ सकाळी, नऊ गोळ्या. आणि मधल्या सोमवारी रात्री, उपास सोडल्यावर, जुन्या पाकिटातली एक मी माझ्या हातानं दिलेली. दहा गोळ्या. अडीच महिन्यांचं औषध नऊ दिवसांत.

“जेल राहू दे,” ती म्हणाली. “आता थांबू नका. दोन्ही पाकिटं बरोबर न्या आणि तिथं गेल्यावर पहिलं हेच सांगा.” तिनं बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव, मात्रा आणि ‘नऊ दिवस रोज’ असं लिहून दिलं. तो कागद मी अजून ठेवला आहे.

रात्री दुसऱ्या इस्पितळात रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी निदान ४,००० तरी असाव्यात, त्या १,६०० होत्या. प्लेटलेटही उतरलेल्या. मूत्रपिंडं वयानं थोडी मंदावलेली, त्यामुळे औषध बाहेर पडायलाही वेळ लागत होता. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं सुरू झाली. फॉलिक अ‍ॅसिडचंच हे असं रूप, की मेथोट्रेक्सेटनं अडवलेल्या जागेला वळसा घालून पेशींपर्यंत पोचतं. सलाईन, अँटिबायोटिक, वेगळी खोली, आत जाताना मास्क. ११ दिवस. आई वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमचं अर्धं मन तिच्याकडे राहू नये.

१७ तारखेला, मंगळवारी, त्या इस्पितळाच्या पॅसेजमध्ये केशरी रंगाचा फलक लागला होता. जागतिक रुग्णसुरक्षा दिन. असा काही दिवस असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना तो पाळते आणि केशरी हा त्याचा रंग आहे. मी फलकाखालच्या बाकावर बसून रात्रभर फोनवर वाचत राहिले. उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांतल्या साधारण एकाला उपचारांतूनच काहीतरी इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते, असं ही संघटना सांगते. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत इस्पितळांतल्या असुरक्षित उपचारांमुळे वर्षाला १३ कोटी ४० लाख अपाय होतात आणि सुमारे २६ लाख मृत्यूंना ते हातभार लावतात. २०१७ मध्ये ह्याच संघटनेनं औषधांतल्या चुकांवर जगभर मोहीम काढली. धोक्याच्या जागा म्हणून त्यात तीन गोष्टी नेमून दिल्या होत्या: जोखमीच्या परिस्थिती (त्यात जोखमीची औषधंही), एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो काळ. आईच्या बाबतीत तिन्ही एकत्र आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट वाचली आणि फोन खाली ठेवावा लागला. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं जाणं ही जगाला चांगली ठाऊक असलेली चूक आहे. ब्रिटनमध्ये ‘कधीच घडू नयेत’ अशा घटनांची अधिकृत यादी आहे, तीत ती नावानिशी आहे. २०१९ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेनं पाकिटावर ठळक इशारा, रुग्णाजवळ कार्ड, चिठ्ठीवर वार, अशा गोष्टी सांगितल्या. म्हणजे आईला जे झालं ते कुणाच्या कल्पनेबाहेरचं नव्हतं. माणसं त्यानं मेली होती, त्यांच्यावरून उपाय शोधले गेले होते, ते छापून आले होते. फक्त त्या गुरुवारी संध्याकाळी त्या काउंटरपर्यंत ते पोचले नव्हते.

मला एक नाव हवं होतं. आई घरी आल्यावर, ऑक्टोबरात, मी पहिल्या इस्पितळात गेले ती नाव मागायला. वाटेत गाडीत मी वाक्यं पाठ केली होती.

त्यांनी मला बसवलं आणि केस पेपर पुढ्यात ठेवला. हे त्यांनी टाळलं असतं तर मी काही करू शकले नसते, म्हणून त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मेट्रन, एक वरिष्ठ डॉक्टर आणि औषधविभागाची प्रमुख, तिघांबरोबर मी पान पान उलटत गेले.

पहिलं पान कॅज्युअल्टीचं. आई कण्हत होती, शिकाऊ डॉक्टर मला विचारत होता, चालू औषधं कुठली. त्यानं लिहिलेलं मी वाचलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. “बीपीची एक, थायरॉईडची एक, सांध्यांची एक.” फोनमधला पाकिटाचा फोटोही मी दाखवला होता, म्हणून औषधाचं खरं नाव आणि मात्रा त्यानं बरोबर टिपली होती. वार सांगायचा राहिला तो माझ्याकडून. घरात जी गोळी वारानंच ओळखली जाते तिचा वार मी सांगितला नाही. इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

दुसरं पान वॉर्डाचं. तिथं दुसऱ्या डॉक्टरनं यादी नव्यानं उतरवून घेतली आणि तिन्ही औषधांपुढे एकाखाली एक तेच लिहिलं: १-०-०. आपल्याकडे हे सगळ्यांना वाचता येतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ, एक-शून्य-शून्य. पण ह्या तीन खणांत आठवडा कुठं मावतो? रोज न घ्यायच्या औषधाला त्या लिपीत जागाच नाही.

वॉर्डाच्या साठ्यात ती गोळी नव्हती. म्हणून तीन दिवस ती दिलीच गेली नाही आणि कुठल्याही सिस्टरच्या हातात आली नाही. आली असती तर कदाचित कुणीतरी थबकलं असतं. मग डिस्चार्ज. तो लिहिणारा मुलगा आदल्या सकाळपासून कामावर होता, चवथीसाठी सुट्टीवर गेलेल्या दोघांचं काम त्याच्याकडे होतं आणि त्या संध्याकाळी त्यानं नऊ जणांना घरी पाठवलं. त्यानं यादी जशीच्या तशी उतरवली, तीत एकही अक्षर चुकवलं नाही. मग औषधांचा काउंटर. जवळ होती ती कंपनी, १-०-० एक महिना, म्हणून तीस गोळ्या. महिन्याला चार लागणारं औषध तीस गोळ्या मागतंय, हे कुणाला खटकायला हवं होतं. पण कॉम्प्युटर साठा किती उरला ते सांगत होता, हा आकडा विचित्र आहे असं सांगत नव्हता, आणि खिडकीबाहेर रांग होती.

शेवटची जागा आमचं घर. शुक्रवारी सकाळी आईनं विचारलं होतं, “ही कसली गो नवीन?” आणि मी पिशव्यांत डोकं घालून म्हटलं होतं, “डॉक्टरांनी लिहिलीय, घे.”

नाव मागायला गेलेली मी तिथं बराच वेळ गप्प बसले. मग मेट्रननं पाणी मागवलं.

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. अपघात कसे घडतात ते सांगायला त्यांनी भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. एकेक चकती म्हणजे एकेक बचाव. प्रत्येकीत कुठं ना कुठं भोक असतंच, पण एकीचं भोक दुसरी झाकते. ज्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात त्या दिवशी धोका आरपार जातो. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चीज आलं नाही, आईची घावनं आली. जाळीदार, एकावर एक रचलेली. आमच्या बाबतीत सहाच्या सहा घावनांची जाळी एका जागी आली होती. सहावं माझं होतं.

पण ह्या उपमेनं समाधान झालं नाही. भोकं असतात हे कळलं, ती बुजवायची कशी? त्याचं उत्तर मला सापडलं ते आजोळी.

माझं आजोळ मडकईचं. मामाचं शेत खाजनात. समुद्राच्या भरतीबरोबर नदीतून खारं पाणी आत येतं, त्याला अडवायला मातीचे बांध, आणि बांधात जागोजागी मानस. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याचाच दाब दार मिटवतो आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. रात्री दोन वाजता भरती आली तरी मामानं उठायला लागत नाही. ज्यांनी हे बसवलं त्यांना माणसाला झोप लागते हे ठाऊक होतं. दिवाळीत मी मामाबरोबर बांधावरून चालत होते आणि एकदम थांबले. तीन-चार हजार वर्षांपूर्वीपासूनचं म्हणतात ते हे शहाणपण, आणि डिस्चार्जच्या टेबलावर आपण अजून बांधावर माणूस उभा करून त्याला जागा राहा म्हणून सांगतोय.

वैद्यकात मानशी आहेत. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर जोडतात. त्यांच्या तोंडावरच्या भोकांची आणि यंत्रावरच्या खिळ्यांची जागा प्रत्येक वायूला वेगळी असते. ऑक्सिजनला दोन आणि पाच क्रमांकाच्या जागा, नायट्रसला तीन आणि पाच. चुकीचा सिलिंडर तिथं बसतच नाही, जोडणारा कितीही थकलेला असो. तीव्र पोटॅशियम क्लोराइड, जे शिरेत थेट गेलं तर हृदय थांबवतं, ते अनेक ठिकाणी वॉर्डातल्या कपाटांतून उचलूनच नेलं. हाताशी नसलेलं औषध चुकून उचललं जात नाही. मेथोट्रेक्सेटचंही तसंच करता येतं. कॉम्प्युटरवर ते लिहिलं की आपोआप ‘आठवड्यातून एकदा’ असं यावं, आणि रोजचं हवं असेल तर कारण भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. मानशीचंच दार ते.

आणि मानस नसली की काय होतं, ते गोव्यानं मे २०२१ मध्ये पाहिलं आहे. कोविडच्या त्या दिवसांत पहाटेच्या काही तासांत ऑक्सिजनचा दाब पडायचा आणि माणसं जायची. ट्रॅक्टरनं सिलिंडरच्या ट्रॉली आणायच्या, त्या वाहिनीला जोडायच्या, एक संपेपर्यंत दुसरी यायला हवी, आणि ह्या बदलाबदलीत दाब घसरायचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुढे मोठी टाकी बसली. तिथं रात्री ट्रॉली ओढणारी माणसं जीव तोडून काम करत होती, ह्याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या पळण्यावर इतके श्वास टांगलेले असणं हाच दोष होता. त्या महिन्यात आमच्या वाड्यावरची दोन माणसं गेली. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, पण हे लिहिताना ती समोर आहेत.

बांधाचंही एक आहे. खेकडे त्यात बिळं करतात. लहान बीळ, पावसाळ्यात मोठं होतं, आणि एका रात्री बांध फुटतो. म्हणून बांधावरून चालत जाऊन बिळं बघणारं कुणीतरी लागतं, आणि बीळ दिसलं असं सांगणाऱ्याला शिवी मिळत नाही. इस्पितळात ती मिळते. मीच द्यायला गेले होते. समजा मला त्या दिवशी एक नाव मिळालं असतं, मी तक्रार केली असती, त्या मुलाला घरी बसवलं असतं. पुढच्या वेळी चूक लक्षात आलेला दुसरा मुलगा तोंड उघडेल? तो गुपचूप कागद बदलेल, आणि बीळ तिथंच राहील. औषधांचा अपाय कळवायला आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचा फुकट फोनही आहे, १८००-१८०-३०२४, रुग्णानं किंवा घरच्यानंही करावा असा. तो नंबर मी तोवर एकाही भिंतीवर पाहिला नव्हता.

ह्याचा अर्थ जबाबदार कुणीच नाही असा मी लावत नाही. बीळ दाखवल्यावरही जो बुजवत नाही त्याला मी माफ करणार नाही. एका मुलाला सलग दीड दिवस उभं ठेवून नऊ डिस्चार्ज लिहायला लावतो त्यालाही नाही. दोघांचं काम एकावर टाकणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

कागदानं सगळं होईल असंही मला वाटत नाही. शस्त्रक्रियेआधी वाचायची १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणली. ते काम ज्यांच्या पुढाकारानं झालं ते अतुल गावंडे, अमेरिकेतले शल्यविशारद, आईवडील आपल्याकडचे. दिल्लीसह ८ शहरांतल्या इस्पितळांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओत १०१ इस्पितळांत ती लागू केली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला की म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात. शाळेत मी दर वर्षी पाहते, हजेरीपट भरलेला असतो आणि मूल वर्गात नसतं. त्या यादीत एक मुद्दा आहे, खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. नुसती खूण करायची असेल तर तो वेळेचा अपव्यय आहे. पण ज्या सिस्टरनं एकदा आपलं नाव सगळ्यांपुढे उच्चारलं ती पुढे “थांबा डॉक्टर” म्हणायला थोडी कमी घाबरते, आणि यादीनं खरं घडवायचं ते हे आहे.

भाषेचंही मला सारखं आठवतं. आमच्या घरी बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत, आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. आईच्या वॉर्डात शेजारची बाई कन्नड बोलत होती, पलीकडची दोडामार्गची, तिच्यापलीकडची झारखंडची. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता ह्या वैद्यानं इथल्या औषधांवर ग्रंथ छापला, त्यात एकेका औषधाला कुठल्या भाषेत काय म्हणतात हे तो चिकाटीनं नोंदवत जातो. साडेचारशे वर्षांनी आपल्याकडे एकाच औषधाची कंपनीगणिक वेगळी नावं आहेत आणि खरं नाव पाकिटाच्या पाठीवर बारीक.

नोव्हेंबरात प्लास्टर निघाल्यावर व्यायाम दाखवायला आम्ही पहिल्याच इस्पितळात गेलो. औषधविभागाच्या प्रमुख बाईंनी मला काउंटरमागे बोलावलं. मेथोट्रेक्सेटचा खण वेगळा केला होता, त्यावर लाल पट्टी. चारपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या तर दुसऱ्या माणसाची सही. डिस्चार्ज कार्डावर नवा रकाना होता, ‘वार’. आणि कार्ड हातात देण्याआधी ते घरच्यांनी वाचून दाखवायचं, सिस्टरनं ऐकायचं. बाई म्हणाल्या, रांग लांबते, लोक चिडतात, अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही.

त्यांनी आईसाठी कार्ड काढलं आणि वार विचारला. आई म्हणाली, सोमवार. बाईंनी पेन उचलून धरलं. इंग्रजीत सोमवारची पहिली तीन अक्षरं घाईत सकाळच्या शब्दासारखी वाचली जातात, म्हणून ह्या औषधाला सोमवार टाळावा असं सुचवलं जातं, त्या म्हणाल्या. दुसरा कुठला चालेल?

“सोमवारच,” आई म्हणाली. “उपास सोडल्यावर. दुसरा वार माझ्या लक्षात राहायचा नाही.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि देवनागरीत, जाड पेनानं, पूर्ण लिहिलं: सोमवार, रात्री, उपास सोडल्यावर, एक गोळी. खाली रेघ मारली. मग कार्ड माझ्याकडे न देता आईपुढे धरलं. आईनं चष्मा लावला आणि पोथी वाचतात तसं एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. मागच्या रांगेतला माणूस घड्याळ बघत होता. तिनं “एक गोळी” दोनदा वाचलं.